रोज कुठून सुचतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही डोंबिवलीत राहता, लोअर परळच्या एका कंपनीत अ‍ॅपचे स्क्रीन डिझाइन करता आणि रात्री जेवणं झाली की चित्रं काढायला बसता. गेले तीन महिने काही सुचत नाही. जे सुचतं ते इन्स्टाग्रामवर आधीच कुणीतरी काढून ठेवलेलं असतं. म्हणून विचारलंत, की ज्यांचं पोटच चित्रांवर आहे ते रोज प्रेरणा कुठून आणतात, त्यांचा दिवस कसा जातो, आणि नोकरी सोडली तर हे सुटेल का. शेवटी एका ओळीत, स्केचबुक कोणतं वापरता.

मी बावीस वर्षं हे काम करतेय. दिवाळी अंक, मुलांची पुस्तकं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, मधूनच एखादं कॅलेंडर. राहते भांडुपला, काम घरातच, खिडकीजवळच्या टेबलावर. तेव्हा पुढचं सगळं कथा-पुस्तकांची चित्रं काढणारीचं आहे हे धरून वाचा. जाहिरातींचे स्टोरीबोर्ड किंवा गेममधली पात्रं करणाऱ्यांचा दिवस वेगळा असतो, त्यांना माझं निम्मं लागू पडणार नाही.

प्रेरणा हा शब्द आमच्या कामात फारसा कानावर येत नाही. संपादकांचा फोन येतो तो "शुक्रवारपर्यंत होईल ना?" एवढाच. तरी दर शुक्रवारी काहीतरी होतं, ते कसं, असा तुमचा प्रश्न आहे. त्यावर माझं उत्तर जरा कडू आहे. तुमचं सुचणं आटलेलं नाही, तुमचा डबा रिकामा आहे. पीठ भरून ठेवलेलं नसताना पोळ्या का लाटता येत नाहीत, असं विचारल्यासारखं झालंय ते. चित्रात उतरतं ते आधी कधीतरी, काही काम नसताना, नीट पाहून ठेवलेलं असतं. मला हे कळायला एक फजिती व्हावी लागली.

सुरुवातीच्या वर्षांत मुलांच्या एका पुस्तकात आजीचं चित्र होतं. आजी स्वयंपाकघरात फणस चिरतेय आणि नातू शेजारी बसलाय. मी विळी काढली. आमच्या घरी रोज वापरात असलेली, जन्मापासून पाहिलेली विळी. पाहायची काय त्यात! पुस्तक छापून आलं आणि महिनाभराने प्रकाशकांकडे एका वाचक बाईंचं पोस्टकार्ड आलं. मजकूर साधारण असा: तुमच्या आजीच्या विळीची धार पलीकडे तोंड करून आहे, अशा विळीवर फणस ओढून चिरायला गेली तर आजीच चिरली जाईल.

बाईंचं शंभर टक्के खरं होतं. मी डोक्यात सुरी ठेवून विळी काढली होती. सुरी हलते, भाजी जागेवर असते. विळीचं पातं जागेवर असतं, धार आपल्याकडे असते आणि भाजी दोन्ही हातांत धरून पुढे ढकलायची असते. एवढी साधी गोष्ट, आणि मी वीस वर्षं रोज पाहून पाहिलीच नव्हती.

त्या रविवारी आईला विळीवर बसवलं आणि कोथिंबिरीच्या तीन जुड्या चिरायला लावल्या. अकरा पानं भरली. तेव्हा एकेक दिसायला लागलं. विळीच्या पाटावर दाबलेल्या पायाची बोटं आत वळतात. बांगड्या कामाच्या आधी कोपराकडे सारलेल्या असतात, आणि त्या मूळ जागेवर मनगटाला फिकट वळ दिसतो. मान खाली असते, पण नजर मधूनमधून दाराकडे जाते, हात मात्र थांबत नाहीत. कोथिंबीर वाया गेली म्हणून आई आठवडाभर बोलत होती. पण त्या अकरा पानांवर माझी नंतरची कितीतरी चित्रं उभी आहेत. वडी थापणारी मावशी, हिशेब करणारी कोळीण, एका भयकथेतली म्हातारी. सगळ्यांच्या हातांत आणि पायांत आईच आहे.

ही साठवण मी बहुतेक लोकलमध्ये करते. भांडुपहून दादरला किंवा सीएसएमटीला जाताना लेडीज डब्यात जेवढी माणसं तासाभरात दिसतात तेवढी दुसरीकडे आठवड्यात दिसत नाहीत. पण माणसं दिसतात म्हणजे काय, तेवढं जरा फोडून सांगते. तिघींच्या बाकावर कडेला, चौथ्या सीटवर बसलेली बाई घ्या. ती बसलेली नसतेच खरं तर. एक पाय बाकाखाली, दुसरा पॅसेजमध्ये बाहेर रोवलेला, सगळं वजन त्या बाहेरच्या पायावर. पर्स मांडीवर, हात समोरच्या सीटच्या कडेला. गाडीने वळण घेतलं की कमरेतून ती अख्खी बाई सावरली जाते आणि चेहऱ्यावर त्याचा पत्ताही नसतो. हे एकदा कागदावर आलं की अवघडून बसलेलं कुठलंही माणूस काढता येतं. सासरी पहिल्या दिवशी सोफ्याच्या कडेवर बसलेली नवी नवरी असो नाहीतर मुलाखतीला आलेला उमेदवार.

संध्याकाळच्या गाडीत मेथी निवडणाऱ्या बायका असतात, मटार सोलणाऱ्या असतात. दाणे डब्यात, टरफलं कॅरीबॅगमध्ये, आणि गप्पा चालूच. दाण्यांचा डबा गुडघ्यांच्या फटीत कसा घट्ट धरलेला असतो ते पाहा. मी अनोळखी माणसाचा चेहरा सहसा काढत नाही. टक लावलेली समोरच्याला लगेच कळते आणि ते बरंही नाही. हात, चपला, पाठ, झोपेत पर्सवर घट्ट असलेली मूठ, एवढं पुरतं. कुणी पकडलंच तर वही पुढे करायची. आजवर एकदाच एक मावशी रागावल्या, त्याही त्यांच्या चपलेचा अंगठा तुटका काढला म्हणून.

जे. जे.ला अप्लाइड आर्टला असताना सर स्केचेस आणायला पाठवायचे, तेव्हा आम्ही टाळाटाळ करायचो. कॉलेजातून बाहेर पडून चार पावलं गेलं की क्रॉफर्ड मार्केट. त्याच्या दरवाजांवर दगडात कोरलेले शेतकरी आहेत, ते जॉन लॉकवुड किपलिंगने केले. तो आमच्याच कॉलेजात शिकवायचा. त्या शिल्पांखाली उभं राहून आम्ही फालूदा कुठे प्यायचा याची चर्चा करायचो. वर पाहायला मी शिकले नोकरी लागल्यावर, तिथे कामाला जायचं कारण उरलं नाही तेव्हा. असो.

आता इन्स्टाग्राम. दुसऱ्यांची चित्रं पाहू नका असं मी म्हणणार नाही, मीही पाहते. पण तिथून उचललं तर ते उष्टं असतं. कुणीतरी एक गोष्ट पाहिली, त्यातलं त्याला हवं ते ठेवलं, बाकीचं टाकलं. तुम्ही त्याने ठेवलेल्यातून उचलणार, म्हणजे त्याने टाकलेलं तुम्हाला कधी दिसणारच नाही. मुंबईच्या चित्रांचं तेच झालंय. कुणालाही मुंबई काढायला सांगा, प्रीमियर पद्मिनी टॅक्सी आणि लाल डबलडेकर आलीच. डिझेलवरची जुनी डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली आणि पद्मिनी टॅक्सी त्याच्या पुढच्याच महिन्यात. कथा १९९३ सालातली असेल तर काढा खुशाल. आजची असेल तर रस्त्यावर काळ्या-पिवळ्या रंगातली वॅगन-आर आहे, मेट्रोचा खांब आहे, खांबावर वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, आणि इमारतीच्या पेटीसारख्या ग्रिलमध्ये तुळस, एसीचं खोकं आणि वाळत घातलेला टॉवेल एकाच जागेसाठी भांडतायत. हे कुणी काढत नाही, कारण हे कुणाच्या चित्रात आधी आलेलं नाही.

जुन्यांची चित्रं पाहायची तर त्यांनी काय पाहिलं होतं ते शोधायला पाहावीत. म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी याच शहरातली माणसं ढिगाने काढली, पोस्टकार्डांवरसुद्धा. त्यांच्या चित्रात साडीचा काष्टा, पदर खोचायची तऱ्हा, डोक्यावरच्या पाटीला दिलेला हात यावरून ती बाई कोण, कुठल्या कामाला निघालीय हे कळतं. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं मी चेहऱ्यावर अंगठा ठेवून पाहते. नुसत्या मानेच्या कलावरून बाईच्या मनातलं कळतं का? बहुतेक वेळा कळतं. आणि जुन्या पगड्या, अवजारं, बारा बलुत्यांची कामं यावर अडले की भायखळ्याला राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात जाते. तिथे वेगवेगळ्या समाजांच्या, धंद्यांच्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. सगळ्या बाजूंनी पाहता येतात, ही सोय फोटोत नाही. बुधवारी बंद असतं, मी दोनदा हात हलवत परत आलेय.

साठा असूनही अडतं, नाही असं नाही. तेव्हा बहुतेकदा कथा नीट वाचलेली नसते. मी तीनदा वाचते. पहिल्यांदा नुसती वाचक म्हणून. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, ज्याला वजन आहे, जागा आहे, वेळ आहे त्याखाली रेघ मारत: कुठला महिना, घरात किती माणसं, दिवा आहे की ट्यूब. तिसऱ्यांदा लेखकाने काय सांगितलेलं नाही ते शोधत.

एक उदाहरण देते. मागे एका दिवाळी अंकासाठी गिरणी कामगाराची कथा आली. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतरची. माणूस सकाळी उठतो, जायला कुठे नाही, खिडकीत बसून राहतो. एक चित्र, पाव पान, काळ्या-पांढऱ्यात. पहिला रफ केला तो खिडकीत बसलेला माणूस. पण ते तर लेखकाने लिहिलंच होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. दुसरा, गिरणीचं बंद फाटक. तिसरा, गिरणीची चिमणी. चिमणी काढली की गिरणगाव झालं असं सगळ्यांना वाटतं. मला ती दुकानाच्या पाटीसारखी वाटते, चित्र त्यात कुठे आहे? तिन्ही बाजूला ठेवले आणि घरातले इतर लोक त्या सकाळी काय करत असतील याचा विचार करत बसले. त्याची बायको रोज पहाटे उठून डबा भरत असणार. आज नाही भरला.

मग जुन्या वह्या काढल्या. एकीत आमच्या शेजारणीच्या ओट्यावर धुऊन उपडा ठेवलेला तीन पुडांचा डबा सापडला. पुडं वेगवेगळी, झाकण भिंतीला टेकलेलं, कडी एका बाजूला लोंबकळतेय, आणि खाली पाण्याचं छोटं थारोळं. मी चित्रात फक्त ते थारोळं काढून टाकलं. कोरडा डबा, सकाळची वेळ. संपादकांनी काही विचारलं नाही, तसंच छापलं. आता हे सुचलं कधी? त्या आठवड्यात की सहा वर्षांपूर्वी शेजारणीकडे साखर मागायला गेले तेव्हा? मला खरंच सांगता येणार नाही.

दिवसाचं विचारलंत. आमच्याकडे पाणी पहाटे येतं, त्यामुळे साडेपाचला उठावंच लागतं. पाणी भरून झालं की सहा ते नऊ पेन्सिलकाम. त्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत. अवघड ते सगळं याच तीन तासांत: रचना, माणसाची बसण्याउठण्याची ढब, चित्रात काय नको ते ठरवणं. दुपारी शाई किंवा रंग. हे हाताचं काम आहे, रेडिओ लावून होतं. चारनंतर मेल, बिलं, दुरुस्त्या, 'नायकाला मिशी हवी' छापाचे फोन. मोजून पाहिलं तर प्रत्यक्ष चित्र दिवसाला चार-पाच तासच होतं. तुम्ही रात्री दहाला, दोन गाड्या बदलून घरी आल्यावर जे करायला बसता ते माझं सकाळी सहाचं काम आहे. रात्री दहाला मलाही काही सुचत नाही. तेव्हा रात्री फक्त रंग भरा, आणि ठरवायचं काम शनिवार-रविवारच्या सकाळवर टाका. एवढ्याने तुमचं निम्मं दुखणं जाईल असा माझा अंदाज आहे.

वर्षालाही एक चाल आहे. का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी चित्रकारांचा हंगाम बांधला गेलाय. कथा येतात जून-जुलैत, चित्रं द्यायची गणपतीच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात. मुंबईच्या पावसात जलरंगाचा कागद दमट होऊन खराब होतो. रंग टिपकागदावर टाकल्यासारखा मधेच ठिपके धरतो, आणि ते डाग रंग लागेपर्यंत दिसतही नाहीत. दोन पावसाळ्यांत महागाचे कागद असे गेल्यावर आता मी ते सिलिका जेलच्या पुड्यांसकट प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवते आणि जून ते सप्टेंबर रंग टॅबलेटवर करते. पेन्सिल मात्र कागदावरच. तुम्ही स्क्रीनचं काम करता म्हणून एक सूचना: स्क्रीनवरचा झगझगीत केशरी आणि पोपटी छपाईच्या चार शाईंत बसत नाही, मळतो. सुरुवातीपासून सीएमवायकेमध्येच, म्हणजे त्या चार शाईंच्या रंगांतच काम करा. आणि रेघ बारीक वाटली तर चित्र छापायच्या मापात प्रिंट काढून हातभर लांब धरून पाहा. झूम केलेल्या स्क्रीनवर सगळ्याच रेघा छान दिसतात.

नोकरीचं मी परस्पर सांगू शकत नाही. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, आईवडील तुमच्यावर अवलंबून आहेत का, आजारपण आहे का, हे तुम्हीच जाणता. मी चार वर्षं नोकरी करत चित्रं काढली. सोडली तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला होता आणि दुसऱ्यांदा काम घेऊन आलेले तीन जण होते. दुसऱ्यांदा, हे महत्त्वाचं. पहिल्यांदा लोक ओळखीने येतात. नोकरी सोडून सुचणं वाढत नाही, उलट पहिलं वर्ष घटतं, कारण भाड्याची तारीख डोक्यात बसलेली असते. दिवाळी अंकाचे पैसे दिवाळीनंतर येतात, कधी संक्रांतीनंतर, कधी आठवण केल्यावर. येतात तेही बहुधा १० टक्के टीडीएस कापून. तेव्हा रिटर्न भरायला आळस करू नका.

आणि कागदपत्र वाचा. एका ठिकाणी माझं मुखपृष्ठ मला न विचारता तीन वर्षांनी कॅलेंडरवर आलं. विचारल्यावर म्हणाले, "आम्ही पैसे दिले होते की." बोलणं तोंडीच झालेलं, त्यामुळे दोन्हीकडे नुसती तोंडं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १९ मी त्यानंतर वाचलं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते. आता प्रत्येक कामाआधी मी चार ओळींचा मेल टाकते: कुठल्या पुस्तकासाठी, किती काळ, मूळ चित्र कुणाकडे, पैसे कधी. वाटाघाटी करायला मला आवडत नाही, पण हे न केल्याने जी चिडचिड होते ती थेट पुढच्या चित्रावर येते. सुचत नाही असं वाटणाऱ्या माझ्या दोन-तीन लांब काळांचं खरं कारण थकलेलं बिल होतं.

स्केचबुक राहिलं. स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती शंभर पानी कोरी वही, पर्समध्ये मावेल अशी. महागडी वही घेतली की पान खराब होईल या धास्तीने हात आखडतो. पेन्सिल नको, गाडीत फासते. साधं बॉलपेन घ्या. खोडता येत नाही म्हणून रेघ टाकण्याआधी माणूस दोन क्षण जास्त पाहतो.

सकाळी तुम्हाला वही उघडायला जागा मिळणार नाही, ती अपेक्षाच नको. संध्याकाळची स्लो पकडा. ठाण्याला गाडी जरा रिकामी होते आणि तिथून डोंबिवली वीसेक मिनिटं. समोरच्या एकाच माणसाचे हात घ्या. कळवा येईपर्यंत नुसतं पाहायचं, मुंब्र्यापर्यंत एक हात, दिव्यापर्यंत दुसरा. कोपरला वही बंद करून दाराकडे सरकायचं.